वाकत्या तारदोराचे आयुर्मान

लंडनच्या पश्चिमेस सुमारे वीस मैलांवर असलेल्या स्लाऊ येथे विल्यम हर्शल याने तिसऱ्या जॉर्ज राजाच्या आश्रयाने उभारलेली चाळीस फुटी दुर्बीण १७८९ साली पुरी झाली, तेव्हा लोखंडी पत्र्याची ती अवजड नळी आकाशाच्या इष्ट भागाकडे उचलून धरण्याचे काम लाकडी सांगाड्यावरील कप्प्यांतून ओवलेल्या वाखाच्या दोरांनी केले. त्याच परिसरातील लँग्ली येथे, जे आज स्लाऊच्याच हद्दीत मोडते, हॉकर कंपनीच्या कारखान्यातून १९३९ पासून हरिकेन जातीची लढाऊ विमाने बाहेर पडू लागली, तेव्हा वैमानिकाच्या हातापायांची हालचाल विमानाच्या शेपटीपर्यंत पोचविण्याची जबाबदारी काही मिलिमीटर जाडीच्या पोलादी दोरांवर येऊन पडली होती. दीडशे वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही उद्योगांत दोराकडे केलेली मागणी एकच होती: ओढ सोसावी, कप्पीवर वाकावे, पुढे सरळ व्हावे, आणि हे सारे न थकता पुनःपुन्हा करावे. वाखाच्या अंगी लवचिकपणा उपजतच असतो. पोलादाच्या अंगी तो केवळ रचनेने आणावा लागतो, आणि ही रचना कोणती असावी याविषयी गेल्या दोनशे वर्षांत जे ज्ञान जमले त्याचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा विषय केवळ यंत्रज्ञांच्या दप्तरातला आहे असे मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या उंच इमारतींतील लिफ्ट, गोदीतील यारी, मँगनीजच्या भूमिगत खाणीतील पाळणा, किंवा १९९६ साली सुरू झालेला रायगडचा रोपवे, या प्रत्येक ठिकाणी सामान्य माणूस आपला जीव अशाच एखाद्या दोराच्या हवाली करीत असतो. आणि जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावी तर असे दोर वळणारा भारत वायर रोप्सचा कारखानाच उभा आहे. तरीसुद्धा दोर मजबूत आहे की नाही, एवढाच प्रश्न आपण बहुधा विचारतो. वस्तुतः नवा दोर आपल्या नियत भाराच्या कित्येक पट भार सहज सोसतो आणि त्याच्या मजबुतीबद्दल फारशी शंका घेण्यास जागा नसते. तो किती वेळा वाकून टिकेल आणि टिकेनासा झाला म्हणजे ते आपल्याला कळेल की नाही, हे खरे प्रश्न आहेत, आणि त्या दोहोंचे उत्तर त्याच्या तारांच्या मांडणीत दडलेले असते.

या मांडणीचा आरंभ जर्मनीतील हार्त्स पर्वतातल्या खाणींत झाला. क्लाउस्टाल येथील खाणखात्याचा अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट हा खाणीत वापरल्या जाणाऱ्या लोखंडी साखळ्या वारंवार का तुटतात याची चौकशी करीत होता. साखळीवर एकदाच मोठा भार टाकून तिची परीक्षा पुरी होत नाही, मध्यम भार असंख्य वेळा दिल्यानेही ती तुटते, हे त्याने प्रयोगाने पाहिले, आणि धातूच्या थकव्याचा तो पहिल्या अभ्यासकांपैकी एक ठरला. साखळीचा दोष असा की तिची एक कडी गेली की सारेच गेले. यावर तोड म्हणून त्याने १८३४ साली कॅरोलिन खाणीत जो दोर चढविला, त्यात साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार लोखंडी तारांचा एक पेड आणि असे तीन पेड, म्हणजे अवघ्या बारा तारा होत्या. एक तार तुटली तरी शेजारच्या तारा तिचा भार उचलून घेतात आणि काही अंतरावर घर्षणामुळे तुटलेली तारही पुन्हा कामास लागते, हे तत्त्व त्या बारा तारांत पूर्णपणे आले होते. पुढे इंग्लंडात न्यूअल याने १८४० साली व अमेरिकेत रोबलिंग याने १८४१ च्या सुमारास या धंद्याला कारखान्याचे रूप दिले. १८७९ साली लँग याने पिळाच्या दिशेचा आणि १८८५ साली सील याने थरांच्या मांडणीचा असे दोन फेरफार सुचविले, ज्यांची नावे आजही प्रत्येक कारखान्याच्या यादीत आढळतात.

तार कप्पीवर वाकली की तिच्या बाहेरच्या अंगाला ताण आणि आतल्या अंगाला दाब बसतो, आणि हा ताण तारेच्या जाडीच्या समप्रमाणात वाढतो, तर कप्पीच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. उदाहरणादाखल वीस मिलिमीटर जाडीचा दोर घेऊन तो चारशे मिलिमीटर व्यासाच्या कप्पीवर वाकविला असे समजू. सहा पेड आणि प्रत्येकात सात तारा, अशा ६×७ रचनेत बाहेरची तार सुमारे २.२ मिलिमीटरची असते, आणि ढोबळ हिशेबाने तिच्यावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ११०० न्यूटन वाकताण येतो. ६×१९ सील रचनेत तार सुमारे १.६ मिलिमीटरची म्हणून ताण सुमारे ८००. आणि ६×३६ रचनेत तार १.१ मिलिमीटरची म्हणून ताण ५५० च्या आसपास. ज्या तारेची तुटण्याची मर्यादाच १७७० आहे, तिच्यावर भाराची ओढ वेगळी आणि हा वाकताण वेगळा, दोन्ही एकाच वेळी पडतात. भाराची ओढ बहुधा स्थिर असते, परंतु वाकताण मात्र दर फेरीला शून्यावरून चढतो आणि उतरतो, आणि धातूला थकविणारी गोष्ट म्हणजे हाच चढउतार होय. यावरून बारीक तारा जितक्या अधिक तितका दोर दीर्घायुषी, असा सोपा निष्कर्ष निघतो, आणि आरंभीच्या काळात तो तसाच काढला गेला.

परंतु प्रत्यक्ष अनुभवाने तो निष्कर्ष अपुरा ठरविला, कारण दोरातील तार एकटी वाकत नाही; वाकताना ती शेजारच्या तारेवर सरकते, घासते आणि तिच्यावर दाबली जाते. जुन्या पद्धतीच्या ६×१९ किंवा ६×३७ दोरांत पेडाचे थर वेगवेगळ्या यंत्रफेऱ्यांत, वेगवेगळ्या पिळाच्या लांबीने गुंडाळले जात, त्यामुळे वरच्या थराची प्रत्येक तार खालच्या थराच्या तारांना ठिकठिकाणी तिरपी छेदून जाई. या छेदबिंदूंवर सारा दाब एकवटून तारेवर बारीक खाचा पडत, आणि थकव्याची चीर नेमकी त्या खाचेतून सुरू होई. सील, वॉरिंग्टन आणि फिलर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या समांतर पिळाच्या रचनांनी यावर उपाय शोधला तो असा की, सर्व थर एकाच फेरीत, एकाच पिळाच्या लांबीने वळावे आणि वरची तार खालच्या दोन तारांमधील दरीत आपल्या संपूर्ण लांबीभर विसावावी, म्हणजे बिंदूऐवजी रेषेवर स्पर्श होऊन दाब विभागला जाईल. सीलच्या पेडात मध्ये एक, तिच्याभोवती नऊ बारीक आणि बाहेर तितक्याच म्हणजे नऊ जाड तारा असतात. वॉरिंग्टनमध्ये बाहेरच्या थरात जाड व बारीक तारा आलटून पालटून येतात. फिलरमध्ये दोन थरांमधील पोकळीत अगदी बारीक पूरक तारा बसवितात. आणि वॉरिंग्टन-सील या मिश्र रचनेत एक, सात, सात अधिक सात, व चौदा अशा छत्तीस तारांचा पेड तयार होतो, जो आज यारीच्या दोरांत सर्वत्र दिसतो.

येथे एक परस्परविरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. वाकण्याच्या दृष्टीने बाहेरची तार बारीक हवी, परंतु झिजेच्या आणि गंजण्याच्या दृष्टीने तीच तार जाड हवी, कारण बारीक तार थोड्याशा घर्षणाने अर्धी होते. लिफ्टमध्ये दोर चालक-चाकाच्या खोबणीशी घर्षणानेच पकडला जातो, तेव्हा तेथे झीज अटळ असते. म्हणूनच लिफ्टसाठी बहुधा ८×१९ सील रचनेचा, जाड बाह्य तारांचा दोर निवडतात, आणि वाकण्यातील त्याचे उणेपण भरून काढण्यासाठी चाकाचा व्यास दोराच्या व्यासाच्या निदान चाळीस पट असावा असा नियम करतात. पेडांची संख्या सहावरून आठवर नेल्याने तारा किंचित बारीक होतात आणि दोराचा परीघ अधिक गोल होऊन खोबणीत नीट बसतो, हाही त्यात लाभ असतो. एका गुणाची उणीव यंत्राच्या दुसऱ्या अंगाने कशी भरून काढावी याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पिळाच्या दिशेचा प्रश्नही असाच दुहेरी आहे. साधारण दोरात पेडातील तारांचा पीळ आणि पेडांचा पीळ परस्परविरुद्ध असतो, त्यामुळे बाहेरून पाहता तारा दोराच्या अक्षाला समांतर दिसतात व दोर स्वतःभोवती फारसा उलगडत नाही. लँगच्या पिळात दोन्ही दिशा एकच असतात. तार तिरपी जाते, तिचा अधिक लांब भाग कप्पीला टेकतो, झीज पसरते, आणि वाकण्याखाली तिचे आयुष्य सामान्यतः अधिक भरते. आल्बर्टचा पहिला दोरही याच प्रकारचा होता. परंतु असा दोर भाराखाली उलगडू पाहतो, म्हणून त्याची दोन्ही टोके जखडलेली असतील तेथेच तो वापरावा असा शिरस्ता आहे. मोकळा भार लोंबकळविणाऱ्या यारीला तो बसविणे हे संकटाला आमंत्रण होय. शिवाय त्याच्या तारा तुटल्या तरी त्या साधारण पिळाइतक्या ठळक दिसत नाहीत, आणि म्हणून बाद करण्याच्या नियमांत लँग पिळासाठी तुटलेल्या तारांची मुभा सुमारे निम्मीच ठेवलेली आहे.

पेडांच्या मध्यभागी जो गाभा असतो त्याची निवड आयुष्यावर मोठा परिणाम करते. घायपातीच्या वाखाचा गाभा मऊ असतो, वंगण शोषून ते हळूहळू तारांना पुरवितो आणि पेडांना एकमेकांपासून अलग राखतो. परंतु मोठ्या भाराखाली अथवा ड्रमवर थरावर थर गुंडाळल्यास तो चिरडतो, आणि मग पेड एकमेकांवर घासू लागतात. पोलादी गाभा हा स्वतःच एक स्वतंत्र दोर असल्याने तो चेपत नाही व भारही वाटून घेतो, परंतु पेडांच्या आतल्या बाजूशी त्याच्या तारा छेदून जातात, आणि थकव्याचा पहिला बळी बाहेरून न दिसणारी आतलीच तार ठरते. पोलादी गाभ्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढवून गाभा व पेड यांना अलग ठेवण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, तिचा उगम याच अनुभवात आहे.

आतापर्यंत दोराचा विचार झाला. परंतु दोर ज्या वाटेने जातो ती वाट दोरापेक्षाही अधिक निर्णायक ठरते. या अभ्यासाची पद्धतशीर पायाभरणी लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने नेमलेल्या वायररोप संशोधन समितीने केली. तिच्या वतीने स्कोबल यांनी १९२० पासून पुढे दोर कप्प्यांवर अखंड चालवून ते तुटेपर्यंतच्या फेऱ्या मोजल्या. १९४५ साली अमेरिकेत ड्रकर आणि टाकाउ यांनी वाकताणाबरोबरच कप्पीवर पडणारा दोराचा दाबही आयुष्याचा मोठा नियंता आहे असे दाखवून दिले. हा दाब दोराची ओढ, त्याची जाडी आणि कप्पीचा व्यास यांवरून काढता येतो. पुढे श्टुटगार्ट विद्यापीठात क्लाउस फेयरर यांनी अशा चाचण्यांच्या मोठ्या संख्येतून संख्याशास्त्रीय नियम बसविले. या सर्वांचे तात्पर्य थोडक्यात असे की, कप्पीचा व्यास थोडासा वाढविला तरी फेऱ्यांची संख्या त्यापेक्षा पुष्कळ मोठ्या प्रमाणात वाढते. एका कप्पीवर एका दिशेने आणि लगेच दुसऱ्या कप्पीवर उलट दिशेने वाकविल्यास आयुष्य झपाट्याने घटते. आणि वंगणावाचून चालविलेला दोर वंगण दिलेल्या दोराच्या अल्पांशानेच टिकतो, कारण तारांना एकमेकींवर सरकण्याची मोकळीक वंगणानेच मिळते.

यांपैकी एक बाब कारखान्यात सर्रास दुर्लक्षिली जाते, ती कप्पीच्या खोबणीची. खोबणीची त्रिज्या दोराच्या व्यासाच्या अर्ध्याहून किंचित अधिक, म्हणजे ०.५३ पटीच्या आसपास असावी लागते. जुना दोर वापराने बारीक होतो आणि आपल्या कमी झालेल्या व्यासाची खोबण कप्पीत कोरून ठेवतो. मग नवा, पूर्ण जाडीचा दोर त्या अरुंद खोबणीत चेपला जाऊन त्याचे पेड गाभ्यावर दडपले जातात, आणि मालक नव्या दोराच्या कंपनीविरुद्ध तक्रार लिहू लागतो. पत्र्याचा एक साधा गोलाकार मापक खोबणीत बसवून, त्याच्या कडेतून उजेड दिसतो की नाही हे पाहण्यास मिनिटभरही लागत नाही. नवा दोर चढविण्यापूर्वी ही खातरजमा झालीच पाहिजे.

विमानाच्या दोरांकडे वळले असता हे सारे तत्त्वज्ञान अगदी लहान मापात एकवटलेले दिसते. विमानात मोठ्या कप्पीला जागा नसते आणि वजनाला तर मुळीच मुभा नसते, म्हणून तेथे रचनेवरच सारी मदार. विमानविद्येत रूढ झालेल्या दोन मुख्य रचनांपैकी ७×७ मध्ये एकूण ४९ तारा, तर ७×१९ मध्ये १३३ तारा असतात, ३.२ मिलिमीटरच्या दोरात पहिलीतील तार सुमारे ०.३५ मिलिमीटरची, तर दुसरीतील ०.२१ मिलिमीटरची भरते. त्यामुळे सरळ जाणाऱ्या भागात पहिली आणि कप्प्यांवरून वळणाऱ्या भागात दुसरी, अशी वाटणी स्वाभाविकच झाली. गंज न चढणारे स्टेनलेस पोलाद सर्वांत उत्तम असे वाटणे साहजिक आहे, परंतु पुनरावृत्त वाकण्याखाली साधे कार्बन पोलाद, जस्ताचा लेप दिलेले, सामान्यतः अधिक टिकते. तेव्हा दमट जागी एक आणि कप्पीवर दुसरे, हा विवेक करावा लागतो.

अशा दोराची तपासणी कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. कारागीर हातात कापडाची चिंधी घेऊन ती दोरावरून सावकाश ओढत नेतो; तुटलेल्या तारेचे टोक वर आलेले असेल तर चिंधी तेथे अडकते आणि ती जागा खुणेने नोंदली जाते. कप्पीजवळच्या भागावर विशेष नजर ठेवतात, कारण दोर तेथेच वाकतो. परंतु विमानाचे दोर पूर्वरूपित असतात, म्हणजे प्रत्येक तारेला वळण्यापूर्वीच तिचा वळसा दिलेला असतो. याने दोर शांत राहतो, कापला तरी उसवत नाही, आणि वाकण्यात टिकतोही अधिक, पण तुटलेली तार आपल्या जागीच पडून राहते आणि चिंधीला लागत नाही. म्हणून संशयित भागाची ओढ सैल करून तो हातांनी हळुवार वाकवावा लागतो, तेव्हा कोठे तुटलेले टोक डोके वर काढते. ज्या गुणाने दोराचे आयुष्य वाढले त्याच गुणाने त्याचा क्षय झाकला गेला, आणि त्यामुळे तपासणाऱ्याचे कर्तव्य अधिक कडक झाले.

हाच अनुभव मोठ्या दोरांतही येतो. भार फिरू नये म्हणून उंच यारींना जे न-उलगडणारे दोर बसवितात, त्यांत आतले पेड एका दिशेने आणि बाहेरचे दुसऱ्या दिशेने वळलेले असतात. त्यांच्या छेदबिंदूंवर आतल्या तारा आधी तुटतात आणि बाह्यांग मात्र निर्दोष दिसत राहते. तेथे दोराच्या व्यासात अकस्मात झालेली घट किंवा पिळाच्या लांबीत झालेली वाढ याच सूचना मानाव्या लागतात, आणि महत्त्वाच्या ठिकाणी चुंबकीय उपकरणाने आतल्या तारांचा मागोवा घ्यावा लागतो. यारीच्या दोरांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक ४३०९ हे दोराच्या व्यासाच्या सहापट व तीसपट लांबीत किती तुटलेल्या तारा दिसल्यास दोर बाद करावा हे रचनेनुसार वेगवेगळे ठरवून देते. एकच आकडा सर्व दोरांना लावण्याची सवय या मानकाने मोडून काढली आहे.

कायद्यानेही हे तत्त्व ओळखले आहे. ब्रिटनमध्ये उचलण्याच्या यंत्रसामग्रीविषयीच्या १९९८ च्या नियमांनुसार माणसे उचलणाऱ्या यंत्राची सखोल तपासणी सामान्यतः दर सहा महिन्यांनी आणि इतर यंत्रांची दर बारा महिन्यांनी व्हावी लागते. आपल्याकडे मुंबई प्रांताने १९३९ सालीच लिफ्टविषयक स्वतंत्र कायदा केला होता, आणि २०१७ च्या महाराष्ट्र लिफ्ट, सरकते जिने व सरकते मार्ग यांविषयीच्या कायद्याने त्याची जागा घेतली. परंतु निरीक्षकाचा शिक्का हा एका दिवसाचा मुआयना असतो. दोर मात्र दर दिवशी शेकडो वेळा वाकतो. म्हणून ज्या गृहनिर्माण संस्थेच्या अथवा कारखान्याच्या छताखाली असा दोर चालतो, तिच्या दप्तरी दोराची रचना, पीळ, गाभा, चढविल्याची तारीख, मोजलेला व्यास आणि वंगण दिल्याच्या नोंदी असल्याच पाहिजेत. पुढच्या दोराची खरेदी केवळ जाडी व किंमत पाहून न होता या नोंदींवरून झाली पाहिजे.

सर्व बाजू पाहिल्यावर निष्कर्ष असा निघतो की सर्वोत्तम वायररोप नावाची वस्तू अस्तित्वात नाही. बारीक तारा वाकण्याला अनुकूल पण झिजेला प्रतिकूल. लँगचा पीळ टिकाऊ पण अस्थिर. पोलादी गाभा बळकट पण आतून गुप्तपणे क्षीण होणारा. यांतून निवड करताना कप्पीचा व्यास, वळणांची दिशा, खोबण, वंगण आणि भार यांचा समग्र विचार झाला पाहिजे, आणि दोन रचना आयुष्यात तुल्यबळ ठरल्या तर जिचा क्षय डोळ्यांना दिसतो तीच पत्करावी, असे माझे ठाम मत आहे. आल्बर्टने साखळी टाकून दोर घेतला तो दोर अधिक जड भार उचलतो म्हणून नव्हे. एक तार तुटल्यावर उरलेल्या तारा माणसाला सावध होण्यास अवकाश देतात, म्हणून. तो अवकाश राखणे हे रचनाकाराचे काम आहे, आणि त्याचा उपयोग करून दोर वेळेवर उतरविणे हे आपले.